घरभर माणसं, पण बाळ अंगावर कसं धरायचं ते कोण दाखवणार?

गेल्या महिन्यात माझ्या चुलतबहिणीला नागपुरात मुलगी झाली, सिझेरियन, आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरदार वाद सुरू झाला. "तिला दूधच नाही येऊन राहिलं." "आजकालच्या पोरींना पाजाचंच नसते." "आमच्या वेळी नव्हतं बापा असं काही." आणि एका काकांनी तर थेट निकाल दिला की हे डब्याच्या दुधाचं फॅड परदेशातून आलं, तिकडच्या बायकांना फिगरची काळजी. मी जर्मनीत लाइपझिगला राहते, माझा मुलगा इथेच झाला, म्हणून मला ग्रुपवर जे लिहायचं होतं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण ते फक्त आमच्या घरापुरतं नाही.

आधी इथलं सांगते. इथे बाळंतपणानंतर हेबामे घरी येते, म्हणजे रीतसर शिकलेली, परवाना असलेली सुईण. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते, त्यानंतरही बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत भेटी मिळतात आणि पैसे सरकारी आरोग्य विमा भरतो. माझ्याकडे यायची ती बाई बूट दाराशी काढायची, हात धुवायची आणि सोफा सोडून सरळ खाली जमिनीवर बसायची, म्हणजे तिला माझ्या मांडीवरचं बाळ नीट दिसेल. माझ्या अंगाला हात लावायची नाही. नुसतं सांगायची, बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकू दे, त्याचं नाक निपलच्या समोर आण, आता घाई नको, जांभई दिल्यासारखं मोठ्ठं तोंड उघडेपर्यंत थांब, आणि मग त्याला खांद्यामागून जवळ घे, तू वाकू नको. नुसतं निपल नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. दुखलं तर करंगळी हळूच ओठांच्या कोपऱ्यातून सरकवून सोडव आणि पुन्हा लाव. आणि मग ती गप्प बसून ऐकायची, बाळ गिळतंय का. चिरा पडल्या होत्या मला, रडायला यायचं, आणि त्या चिरा कुठल्या मलमापेक्षा जास्त बाळाला धरायची पद्धत बदलल्याने बऱ्या झाल्या.

आता तिकडे नागपुरात बहिणीच्या घरी काय झालं ते बघा. काकू, मावशी, आत्या, सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्या हजर, सगळ्या मनापासून धावपळ करणाऱ्या. डिंक तळला जातोय, खारीक कुटली जातेय, अळिवाची खीर झाली, शतावरी आली, बाळंतशोपा डब्यात भरून उशाशी ठेवल्या. पण इतक्या जणींपैकी एकीनेही वाकून पाहिलं नाही की बाळाच्या तोंडात नेमकं किती जातंय. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, दूध आलं का. तिसऱ्या दिवशी सिझेरियन झालेल्या बाईला भरपूर दूध नसणं ही काही नवलाची गोष्ट नाही हो, सिझेरियननंतर बरेचदा थोडा उशीर लागतो. तोवर जे घट्ट पिवळं चीकदूध येतं ते चमचाभर वाटतं, पण एका दिवसाच्या बाळाच्या पोटात मावतं तरी किती? पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, बहुतेकांचं दोन आठवड्यांच्या आत भरून निघतं. हे कोणी सांगितलं नाही तर घाबरून वरचं दूध सुरू होतं, बाळ तेवढं कमी ओढतं, कमी ओढलं की कमी तयार होतं, आणि मग आठ दिवसांनी सगळे म्हणतात, बघा, हिला दूधच नव्हतं. ती बाळंतीण हे ऐकत असते. पाहुण्यांसमोर ऐकत असते.

आणि काकांना सांगायचं तर इथे, पाहुणे-रावळे नसलेल्या देशात पण सगळं छान नाही. इथे हेबामे मिळणं कठीण झालंय, पॉझिटिव्ह टेस्ट हातात येताच फोन लावायला लागतात आणि तरी कित्येक जणींना मिळत नाही. सुरुवात बहुतेक आया अंगावर पाजूनच करतात, पण महिन्यागणिक प्रमाण घसरत जातं. आणि एकटेपणा. नवरा कामावर गेल्यावर डिसेंबरच्या अंधारात मी आणि बाळ, गरम वाटीभर खीर हातात देणारं कोणी नाही. आईने व्हिडिओ कॉलवर मला लाडू वळायला शिकवले, ते पण टाके असताना उभं राहून. त्यामुळे नागपूरच्या बाळंतिणीला जे माहेरी मिळतं ते मला किती हवं होतं हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. सव्वा महिना आराम, आयतं गरम ताट, रात्री बाळ घ्यायला आई. ते कधीच सोडू नका.

मला राहून राहून वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शिकलेल्या बाईने घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायची, ही काही फक्त जर्मनीची अक्कल नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बालमृत्यू खाली आणून दाखवले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे २०११ पासून सरकारने देशभर आशाताईंमार्फत हे सुरू केलं, दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. म्हणजे कागदावर खेड्यातल्या बाईला जे आहे ते नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमधल्या बाईला नाही, कारण शहरात आशाताईंचं काम मुख्यतः गरीब वस्त्यांमध्ये, आणि खासगी हॉस्पिटलचं पॅकेज डिस्चार्जला संपतं. त्यानंतर दीड महिन्याच्या लसीपर्यंत मधल्या काळात ती बाई, तिचे टाके, आणि घरभर सल्ले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात, आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, डॉक्टर-नर्स सगळे तिथेच, तरी पहिला तास हातचा गेलाच की. यात पोरींच्या नखऱ्यांचा काय संबंध?

पाण्याचं पण बोलूनच टाकते, कारण मे महिन्यात नागपुरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरात हे भांडण होतं. पंचेचाळीस डिग्री, कूलर गरम हवा फेकतोय, आणि आजी चमचा घेऊन उभी, "लेकराचा घसा कोरडा पडला असल न." आजीची माया खरी आहे. पण आईच्या दुधात जवळजवळ ८७-८८ टक्के पाणीच असतं, आणि सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला कडक उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्याने पोट भरलं तर तेवढं दूध कमी जातं, वर जुलाबाची भीती. उन्हाळा आहे ना, मग बाळाला जास्त वेळा घ्या, आणि तो पाण्याचा तांब्या बाळंतिणीला द्या, तिलाच बरेचदा गार पाणी नको, फळं नको म्हणून तहानलेलं ठेवतात. आणि मध तर वर्षभर चाटवूच नका, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो.

नोकरीचं काय? २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, इथे प्रसूतीनंतरची सक्तीची पगारी सुट्टी आठच आठवड्यांची, पुढे मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण दोन तृतीयांश भत्ता सरकार देतं, त्यालाही वरची मर्यादा आहे. फरक इथेच आहे. आपल्याकडे बराचसा भार मालकावर, म्हणून लग्न झालेली पोरगी इंटरव्ह्यूला आली की प्रश्न सुरू होतात, आणि बुटीबोरीच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या, किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईला ते २६ आठवडे बरेचदा मिळतच नाहीत. तिचं बाळ वरच्या दुधावर जातं ते फिगरसाठी जात नाही काका, रोजी बुडते म्हणून जातं, आणि पावडरचा डबा महाग म्हणून ती दोन चमच्यांच्या जागी एक टाकते. कुपोषण असं पण होतं. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, झाला, सगळीकडे कौतुक झालं, मलाही भरून आलं होतं. पुढच्याच मुंबईच्या अधिवेशनात तिथल्या कक्षातल्या धुळीची तक्रार त्यांनाच करावी लागली. मी सुट्टीत आले होते तेव्हा एका एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाला कुलूप होतं, चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं, शेवटी बाकड्यावर ओढणी घेऊन बसले.

ज्यांना डब्याचं दूध द्यावंच लागतं, बाळ फार लवकर झालं, आईची औषधं चालू आहेत, किंवा सगळं करूनही पुरत नाही, त्यांना कमी लेखू नका. पाणी उकळून, माप डब्यावर लिहिलंय तसं, स्वच्छ वाटी-चमच्याने, हे शिकवणारं पण कोणीतरी हवं. आणि सहा महिन्यांनी उष्टावण झालं की वरणाचं नुसतं पाणी पाजत बसू नका हो, घट्ट वरण-भात कुस्करून, वर तूप.

नागपुरातल्या ज्या कोणाच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी हॉस्पिटल ठरवताना एसी रूम आणि जेवणाचं विचारतोच आपण, त्यासोबत हे विचारा: सिझेरियन झालं तर बाळ पहिल्या तासात आईजवळ देता का, पाजायला शिकवणारी नर्स रात्री असते का, डिस्चार्जनंतर घरी कोणी बघायला येईल का, फोन केला तर कोण उचलेल. दहा घरांनी विचारलं तर पॅकेजमध्ये घरभेट टाकायला त्यांना फार वेळ लागणार नाही, फिजिओथेरपीवाल्या घरी येतातच की आपल्याकडे. आमच्या बहिणीसाठी आम्ही शेवटी तिच्या ओळखीच्या एका रिटायर्ड नर्सबाईंना बोलावलं, त्यांनी बाळाची पोझिशन बदलून दिली, दिवसाला ओल्या लंगोट्या किती ते वहीत लिहायला लावलं, पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त असतील तर बाळाला दूध पुरतंय म्हणाल्या. सध्या सात-आठ होतायत, आणि डबा अजून उघडलेला नाही.