डास आपले, अळ्या शेजारच्यांच्या

पावसाने चार दिवस उघडीप दिली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'डास फार वाढलेत, कमिटी काय करतेय?' तुम्ही तो अजून टाकला नसेल तर लगेच टाका. सार्वजनिक आरोग्यातला तुमचा सहभाग इथे सुरू होतो आणि नीट सांभाळलंत तर इथेच संपतो.

मग धुराची मागणी करा. धूर दिसतो, त्याला वास असतो, मशीनचा आवाज होतो, मागे पोरं पळतात आणि माजी, भावी वगैरे नगरसेवकांसकट सगळ्यांना फोटो मिळतो. या धुराने फक्त उडते डास मरतात, तेही धूर थेट अंगावर आला तर. पाण्यातल्या अळ्यांच्या केसालाही धक्का लागत नाही आणि आठवड्याभरात त्यांचेही डास होतात. त्यात डेंग्यू पसरवणारा डास, एडिस इजिप्ती, राहतो घरात. पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत. म्हणून धुराची गाडी फाटकात शिरली की आपण दारं-खिडक्या घट्ट लावून घेतो ती पद्धत अजिबात मोडू नका. डासांची याहून चांगली सोय महापालिकेलाही जमणार नाही.

खरा धोका वेगळाच आहे. दुपारी बाराच्या सुमाराला बेल वाजते. दारात महापालिकेची एक ताई, हातात बॅटरी आणि वही. तिला तुमच्या घरातलं पाणी बघायचं असतं. इथे डगमगू नका. 'आमच्याकडे नाहीत हो डास, शेजारी बघा' हे वाक्य पाठ असू द्या. ते शेजाऱ्यांचंही पाठ आहे, त्यामुळे ताई मजल्यामागून मजले उतरत खाली येते आणि वहीत 'घर बंद' असं लिहिते. ती गच्चीवर जायचं म्हणाली तर किल्ली सेक्रेटरींकडे आहे आणि सेक्रेटरी हिंजवडीला आहेत. झाकण मोडलेली टाकी ही सोसायटीची खाजगी बाब आहे. नव्या झाकणाचा खर्च दोन सर्वसाधारण सभांपासून तीन कोटेशनच्या प्रतीक्षेत आहे.

क्युबातल्या हवाना शहरात 1901 साली हा मोकळेपणा नव्हता. तिथे अमेरिकी लष्कराचं राज्य होतं आणि विल्यम गॉर्गस नावाचा लष्करी डॉक्टर घरोघरी माणसं पाठवून पिंपं तपासत होता. अळ्या सापडल्या की घरमालकाला दंड. डास हाच, आजार पीतज्वर. काही महिन्यांत तो त्या शहरातून जवळपास नाहीसा झाला. आपण लोकशाहीत राहतो, तेव्हा असल्या जबरदस्तीला बळी पडायचं कारण नाही.

आता तुमच्या फ्लॅटकडे वळू. या डासाला गटार चालत नाही, त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि सुखवस्तू घरात त्याची टंचाई नसते. कुंड्यांखाली ताटल्या ठेवाच, आणि टाइल्सवर डाग नकोत म्हणून त्यातलं पाणी तसंच राहू द्या. टीव्हीशेजारच्या मनी प्लांटच्या बाटलीतलं पाणी बदलू नका, झाडाला सवय झालेली असते. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो. तुम्ही तो कधी पाहिलेला नाही, यापुढेही पाहू नका. पाहुण्यांच्या संडासातला फ्लश पुढचा पाहुणा येईपर्यंत ओढायचा नाही. बाल्कनीत रंगाचे रिकामे डबे, कूलर, चिरंजीवांचं जुनं हेल्मेट आणि पक्ष्यांसाठी भूतदयेनं ठेवलेलं मातीचं भांडं असू द्या. खाली पार्किंगमध्ये कुणाचे तरी चार टायर असतातच. ते कुणाचे, हे ठरेपर्यंत त्यांना हात लावू नये.

हे सगळं करून झालं की सोसायटीच्या मागच्या नाल्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढा, आणि जमलं तर नाल्यापलीकडच्या वस्तीविरुद्धही. नाल्यात वाढतो तो क्युलेक्स. तो चावतो, डोकं उठवतो, पण डेंग्यू देत नाही. एडिस काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला बहुधा तुमच्याच इमारतीत जन्मला, फार तर समोरच्या बांधकामाच्या लिफ्टच्या खड्ड्यात. पण हे सह्यांच्या कागदावर लिहून चालत नाही. वस्तीतही पिंपं आहेत, कबूल. तिथे नळाला पाणी तासभर येतं आणि उरलेला दिवस साठवणीवर काढावा लागतो. तुमच्याकडे चोवीस तास पाणी आहे, शिवाय प्रवेशद्वाराशी बंद पडलेलं कारंजं आहे.

एखाद्या उत्साही काकांनी आठवड्यातून एकदा साठलेलं सगळं पाणी ओतून 'कोरडा दिवस' पाळायचा ठराव मांडला तर टाळ्या वाजवून मंजूर करा. रविवार ठरवा, म्हणजे सगळे गावाला असतील. फारच गळ्याशी आलं तर पिंप नुसतं उपडं करा, आतून घासू नका. अंडी पाण्याच्या रेषेवर, पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पिंप पुन्हा भरलं की त्यांचं सुरू.

एवढ्या मेहनतीनंतर घरात कुणी ना कुणी तापाने फणफणेलच. 'व्हायरल आहे' असं सांगा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अंगदुखीची जोरदार गोळी आणा. डॉक्टर पॅरासिटामॉलवर थांबायला सांगतात, कारण आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनने डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो, पण मेडिकलवाला वीस वर्षांच्या ओळखीचा आहे. रुग्णाला दिवसा मच्छरदाणीत झोपवू नका, लोक हसतील. एडिस दिवसाच चावतो आणि तापातल्या माणसाला चावूनच तो विषाणू पुढे नेतो, तेव्हा वरच्या मजल्याचाही विचार करायला हवा.

यानंतर प्लेटलेट. हा खरा सामुदायिक उपक्रम. रोज आकडा ग्रुपवर टाका. तो नव्वद हजारांवर आला की पपईची पानं, किवी, शेळीचं दूध आणि 'आमच्या मेहुण्यांना अकरा हजारांवरून वाचवलं' ही हकीकत एकदम सुरू होते. कोपऱ्यावरच्या पपईला श्रावणात एक पान राहत नाही. रक्तस्राव नसेल तर नुसत्या उतरत्या आकड्यासाठी सहसा प्लेटलेट चढवत नाहीत, हे सांगणाऱ्या डॉक्टरला बदला. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला की रुग्णाला ऑफिसला पाठवा. डेंग्यू बिघडतो तो नेमका याच एक-दोन दिवसांत. पोट सतत दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. पण रजा शिल्लक नसते.

याच डासाच्या दुसऱ्या विषाणूचं, झिकाचं, नाव मात्र काढू नका, फ्लॅटचे भाव पडतात. 2021 मध्ये पुरंदरमधल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला तेव्हा तो खेडेगावाचा प्रश्न होता. 2024 मध्ये तो पुण्यात एरंडवण्यात निघाला, तेव्हा जरा अवघड झालं. डास तोच, काळजी गर्भवतींची. पण गर्भवतीच्या शेजारी राहणाऱ्याने स्वतःची कुंडी का म्हणून उचलावी?

एवढी दक्षता घेऊनही एखादे दिवशी ताईला गच्चीची किल्ली मिळते, टाकीत अळ्या सापडतात आणि सोसायटीच्या नावे नोटीस निघते. घाबरू नका. दंड भरा आणि मेंटेनन्समध्ये सगळ्यांना सारखा वाटून टाका. भाडेकरू ठेवलेल्या फ्लॅटना थोडा जास्त लावा, ताप त्यांनीच आणलेला असणार.