तिसऱ्या मजल्यावर काय चालू आहे?

आमच्या सोसायटीत विजेची बिलं दारापर्यंत येत नाहीत. बिलं वाटणारा मुलगा अख्खा गठ्ठा वॉचमनच्या टेबलावर टाकतो आणि पसार होतो. तिथून गठ्ठा तळमजल्यावरच्या काकांच्या हाती लागतो. काका सोसायटीचे खजिनदार, सध्या निवृत्त. चष्मा पुसून ते बिलं नीट लावून ठेवतात. मजल्यानुसार नाही, रकमेनुसार.

मे महिन्याच्या बिलात पहिला नंबर माझा आला. हे मला लिफ्टमध्ये कळलं, आणि माझ्यासोबत आणखी चौघांना कळलं.

"पाच हजार चारशे दहा!" काका म्हणाले. "काय हो, घरात भट्टी लावलीय का?"

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये होती. पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी हप्ते थकवलेला माणूस आहे. मी म्हटलं, "काका, उकाडा किती होता! डोंबिवलीत मे महिन्यात एसी लावणं ही काय चैन आहे?" त्यावर काका म्हणाले, "आमच्याकडे पंखा आहे." मग थोडं थांबून, लिफ्टचं दार उघडायच्या आत, "सोसायटीचं कॉमन बिल मी दोन वर्षांत निम्म्यावर आणलं. इच्छा लागते."

हे वाक्य काका दर सर्वसाधारण सभेत म्हणतात आणि दर वेळी त्यांना टाळ्या मिळतात. मीही वाजवल्या आहेत.

वास्तविक बिलात माझा वाटा किती, हे काकांनी ते उलटून पाहिलं असतं तर त्यांना कळलं असतं. ४१२ युनिट. पहिली १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि ३००च्या वर गेलात की पहिल्या दराच्या तिपटीच्या घरात. वर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणून देण्याची हमाली. वर इंधन समायोजन, ते कधी असतं, कधी नसतं, कुणाचं इंधन आणि कोण समायोजित करतं ते विचारायचं नाही. वर स्थिर आकार, म्हणजे घराला कुलूप लावून तुम्ही महिनाभर गावी बसलात तरी तो बसतोच. आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे जी वीज मी वापरलीच नाही, तिच्या स्थिर आकारावरही मी शुल्क भरतो. एवढ्यानं भागत नाही म्हणून उन्हाळ्यात सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. वर्षभराची सरासरी काढतात आणि सांगतात, तुमचा वापर वाढलाय, तर ठेवही वाढवा. उन्हाळ्यात! जेव्हा आधीच एसीनं कंबर मोडलेली असते तेव्हा! ठेवीवर व्याज देतात हे खरं. ते बिलात कुठंतरी वजा होतं आणि ते शोधायला काकांचा चष्मा लागतो.

कागदी बिल नको म्हणून कळवलं तर दर बिलामागे १० रुपयांच्या हिशेबानं सूट मिळते. मी तेही करून टाकणार होतो, पण बायको म्हणाली, पत्त्याचा पुरावा म्हणून कागद लागतो. ते १० रुपये मी अजून भरतोय, आणि काका अजून माझं बिल वाचतायत.

गॅसचं बरं असतं असं काही नाही. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर एका दमात ५० रुपयांनी वाढला, मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांवर गेला. तो घरपोच देण्याचा खर्च त्या किमतीतच धरलेला असतो, पावतीवर तसा अर्थ निघतो. पण आमचा सिलिंडरवाला वर येतो, खांद्यावरून टाकी धाडकन उतरवतो आणि उरलेले सुटे पैसे द्यायच्या ऐवजी माझ्याकडे प्रेमानं बघत उभा राहतो. लिफ्ट असताना! एकदा मी धीर करून त्याला वजन करून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, "काटा गाडीवर राहिलाय साहेब, आणतो खाली जाऊन." तो अजून खालीच आहे. मग काकांनी आपला रद्दीचा ताणकाटा आणला. रिकाम्या टाकीचं वजन कड्याखालच्या पट्टीवर रंगवलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. तिथंच दुसऱ्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात, ती टाकीच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. हे मला काकांनीच शिकवलं, माणूस हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण काकांचा काटा २० किलोपर्यंतचा होता आणि भरलेली टाकी तीसच्या घरात. स्प्रिंग सरळ झाली. काका म्हणाले, "भरलेला दिसतोय."

तर लिफ्टमधल्या त्या प्रकरणानंतर शनिवारी संध्याकाळी काका दारात हजर. हातात वही, टॉर्च, आणि घड्याळ. मोबाइलमध्ये घड्याळ असतं यावर त्यांचा विश्वास नाही.

"तुमचं घर तपासूया," ते म्हणाले. मी नको म्हणायच्या आत ते देवघरापर्यंत पोचले होते आणि देवासमोरचा बल्ब घालवून झाला होता.

तपासणीची पद्धत अशी. मीटरवर एक लाल दिवा असतो, वापर चालू असला की लुकलुकतो. आमच्या मीटरवर बारीक अक्षरात छापलंय की तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. काका खाली मीटरच्या खोलीत बसून लुकलुक मोजणार, मी वर एकेक वस्तू लावायची आणि घालवायची. मीटरच्या खोलीत रेंज नाही. म्हणून मधे दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कठड्याशी, तिथल्या काकू उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. हातात निवडायची गवार होती.

"गीझर लावा म्हणतायत!" काकू.

लावला. खालून मोजणीचा आवाज. दोन किलोवॉटचा गीझर म्हणजे सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुक, काकांची दमछाक झाली असणार.

"एकशेसात म्हणतायत मिनिटाला! एवढं गरम पाणी कशाला लागतं हो मे महिन्यात?"

"फक्त तपासायला लावलाय काकू!"

"नाही, मी आपलं विचारलं. घालवा आता. पंखा लावा!"

पंखा. मिनिटाला चार.

"चारच! बघा, पंख्यात काही नाही. पंखाच वापरावा माणसानं. दुसरा फ्रीज आहे का तुमच्याकडे?"

"कुणी विचारलं?"

"मीच विचारतेय!"

दुसरा फ्रीज आहे. छोटा आहे, सासूबाईंच्या खोलीत आहे, त्यात इन्सुलिन आणि आंब्याचा रस असतो. ही माहिती आता सात मजल्यांना आहे. त्यापाठोपाठ एअर फ्रायर, पाण्याचा फिल्टर, मुलाचा तो रंगीत दिव्यांचा कीबोर्ड, सगळ्यांचा जिन्यातून उद्धार झाला. वरच्या मजल्यांवरून माणसं कठड्यावर वाकली. बायको अंधारात, घामाघूम, बंद पंख्याखाली बसून माझ्याकडे पाहत होती आणि काहीही बोलत नव्हती, त्यामुळे जास्त भीती वाटत होती.

मग काकांचा शेवटचा हुकूम आला. "सगळं बंद करा म्हणतायत! एकूण एक!"

केलं. राउटर काढला. टीव्हीखालची ती सेट टॉप बॉक्सची डबी, जी बंद केली तरी गरमच असते, तिची पिनही उपटली.

"बंद नाहीये म्हणतायत!"

"आहे!"

"लुकलुकतोय म्हणतायत! मिनिटाला दोनदा! तिसऱ्या मजल्यावर काय चालू आहे, असं विचारतायत!"

आता हा प्रश्न ज्या सुरात जिन्यातून वर आला, त्या सुरात तो एखाद्या घरावर धाड घालताना विचारतात. सहाव्या मजल्यावरून कुणीतरी "इन्व्हर्टर असेल" म्हणालं. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. "शेजाऱ्यानं तार टाकली असेल" हेही कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या शेजाऱ्यानं दार लावून घेतलं. मी दाराच्या मागच्या डबीत एकेक एमसीबी खाली पाडायला लागलो. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम. दरवेळी खालून "चालू!" आणि काकूंकडून "चालूच आहे!" शेवटची कळ उरली. तिच्यावर वायरमननं पेनानं 'पॅसेज' लिहिलेलं. पॅसेजमध्ये आमचा एकही दिवा नाही. तीही पाडली.

"थांबला!!" काका ओरडले. आणि त्याच क्षणी त्यांच्या शेजारून वॉचमन ओरडला, "साहेब, कॅमेरे गेले!"

सोसायटीचे सीसीटीव्ही. दोन वर्षांपूर्वी गणपतीत बसवले, तेव्हा जिन्यातल्या पॉइंटला काहीतरी अडचण होती म्हणून वायरमननं तिसऱ्या मजल्याच्या डक्टमधून तात्पुरती लाइन घेतली होती. तात्पुरती हा शब्द तेव्हा काकांनीच वापरला होता. मिनिटाला दोनदा म्हणजे साधारण ४० वॉट, चोवीस तासांचं एक युनिट, महिन्याचे तीस. दोन वर्षं. आणि सोसायटीचं कॉमन बिल निम्म्यावर.

काका वर आले. मला वाटलं होतं ओशाळतील. ते सोफ्यावर बसले, पाणी मागितलं आणि वही उघडली.

"तुमचे पैसे परत मिळतील," ते म्हणाले. "महिन्याची ३० युनिट. पहिल्या शंभरातला दर लावू."

"पहिल्या शंभरातला का? शंभर माझी मीच संपवतो. कॅमेऱ्याची तीस वरची आहेत, तिपटीच्या दरातली."

"कशावरून? कॅमेरा रात्रंदिवस चालतो. महिन्याच्या एक तारखेला रात्री बारा वाजता कोण जागं होतं? तुम्ही की कॅमेरा? पहिलं युनिट कॅमेऱ्याचं."

मी म्हटलं, काका, वीज अशी रांगेत उभी राहून येत नाही. ते म्हणाले, बिल तर रांगेनंच लावतात. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. वीज नियामक आयोगानं १९९९ पासून एवढे आदेश काढले, त्यात कुठंतरी कॅमेऱ्याची युनिट आधी की नंतर हे असेलच, पण ते वाचायला निवृत्त व्हावं लागेल.

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. एक कॅमेरा माझ्याच दारावर रोखलेला आहे. म्हणजे सुरक्षेचा लाभ मला जास्त. तेवढा वजा करावा लागेल. "आणि रात्री साडेबाराला तुमच्या हॉलमध्ये दिवा असतो," ते म्हणाले, "दाराखालून उजेड दिसतो फुटेजमध्ये." माझ्याच विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यातून माझाच दिवा!

बायको पहिल्यांदा बोलली. "काका, एमसीबी आता खालीच राहू दे. पैसे मिळाले की वर करू."

त्यावर वॉचमननं वर निरोप पाठवला की कॅमेरे बंद असताना रात्रीची जबाबदारी त्याची नाही. पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "एका कुटुंबाच्या हट्टापायी सर्वांची सुरक्षा धोक्यात." तीस जणांनी अंगठे दिले. दोघांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

लेखी अर्ज करा, मागच्या चोवीस महिन्यांच्या बिलांच्या छायाप्रती जोडा, लाइन हलवायचा वायरमनचा खर्च निम्मा-निम्मा करू, असं समितीचं म्हणणं आहे. सभा पुढच्या रविवारी. माझा विषय अजेंड्यावर नाही, 'ऐनवेळी येणारे विषय' यात घेतील, तेही चहा व्हायच्या आत वेळ उरला तर. तोवर बिलाची मुदत संपतेय, उशीर झाला की सव्वा टक्का आकार वर बसतो, म्हणून ५,४१० रुपये मी आज भरून टाकले. कॅमेऱ्याचे धरून.