‘प्रोफाइल बनवूनही चेहरे लाल येतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

ऐन लग्नसराईत अमळनेरहून जळगावला यायचं, प्रिंटरचं प्रोफाइल (म्हणजे त्या प्रिंटरवर, शाईत आणि कागदावर रंग बरोबर यावेत यासाठीची फाइल) बनवून घ्यायला पैसे मोजायचे आणि तरी अल्बममध्ये चेहरे लाल यायचे, म्हटल्यावर राग येणारच. शिवाय मॅट कागदावर शालूचा राणी रंग फिका पडला आणि कागदाची कंपनी फुकट देते त्या फाइलसाठी आम्ही दोन दिवस लावले, असंही तुम्ही लिहिलंय. इतर स्टुडिओवालेही हे वाचतात, म्हणून इथेच सविस्तर सांगतो.

आधी चेहरे. तुम्ही सेटिंगचा फोटो टाकलात ते बरं केलंत. फोटोशॉपमध्ये आमचं प्रोफाइल बरोबर निवडलेलं आहे, पण खाली प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रंगदुरुस्ती चालूच दिसतेय. म्हणजे फोटोशॉपने रंग बदलून पाठवले आणि प्रिंटरने ते पुन्हा बदलले. असं झालं की बऱ्याचदा गुलाबी-लाल झाक येते आणि ती सगळ्यात आधी चेहऱ्यावर दिसते. प्रोफाइल बनवण्यासाठी रंगांच्या चौकोनांचा चार्ट छापला तेव्हा ही दुरुस्ती बंद होती, तशीच ती अल्बम छापतानाही बंद हवी. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकारही तोच ठेवा.

राणी रंगाचं कारण वेगळं आहे. मोबाइलचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. त्यात मॅटवर गडद, भडक रंग ग्लॉसीइतके चढतच नाहीत. प्रोफाइल अशा रंगाला त्या कागदावर जमेल तितक्या जवळ नेतं. शाईच्या आवाक्यात नसलेला रंग कुठलंही प्रोफाइल काढून देणार नाही. शालूची पानं ग्लॉसीवर घ्या, मात्र त्या कागदाचं प्रोफाइल वेगळं लागेल.

आता दोन दिवसांचं. चार्टवर रंगांचे शेकडो चौकोन असतात. ओल्या शाईचा रंग वाळल्यावर बदलतो, म्हणून चार्ट रात्रभर ठेवावाच लागतो. पावसाळ्यात तर मी अजिबात घाई करत नाही. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने एकेक चौकोन मोजायचा आणि त्या आकड्यांवरून आयसीसी प्रोफाइल, म्हणजे हीच फाइल, बनवायची. कंपनीची फाइल खोटी नसते, पण ती कंपनीने तिच्याकडच्या प्रिंटरवर, मूळ शाई धरून बनवलेली असते. तुमच्याकडे रिफिलची शाई आहे. मूळ शाई असती तर आधी फुकटचीच वापरून बघा, असं मीच म्हणालो असतो. तसं मी दुकानात अनेकांना सांगतोही.

ड्रायव्हरची दुरुस्ती बंद करून तोच फोटो पुन्हा काढा आणि ट्यूबलाइटखाली नको, दिवसा दाराशी सावलीत धरून बघा. तरीही चेहरे लाल वाटले तर चार्टची फाइल पाठवतो. ती तुमच्याच प्रिंटरवर छापून, रात्रभर वाळवून, बिघडलेल्या एका प्रिंटसोबत घेऊन या. पुन्हा मोजून नवीन प्रोफाइल बनवून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.