थोरोचे कपडे कोण धुवायचं?

अमेरिकन निसर्गलेखक हेन्री डेव्हिड थोरोबद्दलचा एक मजकूर अधूनमधून नव्याने फिरू लागतो. ‘जंगलातल्या एकांताचे गोडवे गाणारा हा माणूस घरी जेवायला जायचा, कपडे त्याची आई धुवायची. निसर्गलेखक सगळे असेच. भरल्या पोटी कविता करायच्या आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणायचं. पर्यावरण वाचवतं विज्ञान, यांच्या लिखाणाने काडी हलली नाही.’ इतका मोठा निकाल कपड्यांच्या एका बोचक्यावर दिलेला आहे, तेव्हा आधी तेच उघडून बघू.

वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहण्याबद्दलचं थोरोचं ‘वॉल्डन’ (1854) हे पुस्तक कोणी उघडून पाहिलं तर पहिल्याच प्रकरणात खर्चाचा हिशेब सापडेल. झोपडीला 28 डॉलर साडेबारा सेंट लागले. त्याच हिशेबात थोरो सांगतो की धुणं आणि शिवणटिपण बहुतेक बाहेरच होत असे आणि त्याचं बिल अजून आलेलं नाही! दर एक-दोन दिवसांनी गावात गप्पा ऐकायला जात असल्याचंही तो लिहितो. झोपडीखालची जमीनही मित्राची, लेखक इमर्सनची. म्हणजे ज्याचा ‘भांडाफोड’ चालला आहे त्यातलं बरंचसं त्याने स्वतःच छापून ठेवलंय. दोष काढायचा तर 1844 मध्ये त्याच्या हातून त्याच्याच कॉन्कॉर्ड गावचं सुमारे 300 एकर रान जळालं, तो काढा. टीकाकारांच्या नजरेतून हे कसं निसटतं कोण जाणे.

आता विज्ञान. वॉल्डन तळ्याला तळच नाही, असं गावकरी म्हणत. पुढे पेशाने जमिनीचा सर्वेक्षक झालेल्या थोरोने 1846 च्या सुरुवातीला, तळं गोठलेलं असताना, होकायंत्र, साखळी आणि वजन बांधलेली दोरी घेऊन शंभराहून जास्त ठिकाणी खोली मोजली. सर्वांत खोल जागा 102 फूट निघाली. आजची मोजणीही त्याच्या अगदी जवळ आहे. पुढे 1850 च्या दशकात कॉन्कॉर्डमधल्या शेकडो वनस्पतींना पहिलं फूल कधी आलं, याच्या नोंदी तो वर्षानुवर्षं करत राहिला. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी अब्राहम मिलर-रशिंग यांनी त्या नोंदी बाहेर काढल्या. वसंतात फुलणाऱ्या झाडाझुडपांचा बहर सरासरी आठवडाभर आधी येऊ लागल्याचं त्यातून दिसलं. हवामानबदलाचा हा पुरावा हाती आला तो एका ‘कवी’च्या रोजनिशीमुळे.

भरल्या पोटाचा आरोप आल्डो लिओपोल्ड या दुसऱ्या निसर्गलेखकावर करून बघा. हा अमेरिकेच्या वनखात्यातला माणूस. लांडगे मारले की हरणं वाढतील, असं तरुणपणी त्याचंही मत होतं. लांडगे संपल्यावर वाढलेल्या हरणांनी डोंगर ओरबाडून टाकलेले त्याने पाहिले, तेव्हा ते मत बदललं. 1935 मध्ये त्याने विस्कॉन्सिन नदीकाठची कस गेलेली, पडीक शेती घेतली. तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची खोली केली आणि कुटुंबासह पाइनची हजारो रोपं लावली. 1936 च्या दुष्काळात त्या वर्षीची बहुतेक रोपं गेली, तरी लागवड चालूच राहिली. माती, पाणी, झाडं, प्राणी या सगळ्यांचा मिळून एक समाज आहे, माणूस त्याचा मालक नाही, साधा सभासद आहे, हे त्याचं तत्त्वज्ञान या अनुभवांतून तयार झालं. एप्रिल 1948 मध्ये शेजाऱ्याच्या रानातला वणवा विझवताना त्याचा मृत्यू झाला. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे त्याचं पुस्तक आलं ते पुढच्या वर्षी.

काडी हलली का? रेचल कार्सनच्या पुस्तकाने 1962 मध्ये डीडीटी या कीटकनाशकावर देशभर वाद पेटवला आणि 1972 मध्ये अमेरिकेत शेतीतल्या वापरावर बंदी आली. मधल्या दहा वर्षांत खटले, सुनावण्या, आंदोलनं झाली, सगळं श्रेय पुस्तकाचं नाही. पण वादाला तोंड त्यानेच फोडलं, आणि कार्सन स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होती.

या लेखकांवर टीका जरूर व्हावी, फक्त ती दुसऱ्या जागी. निसर्गलेखक जॉन म्यूरने कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या मूळ रहिवाशांबद्दल तुच्छतेने लिहिलं. तिथल्या ज्या योसेमिटी दरीला त्याने अस्पर्श रान मानलं, तिथून तिच्या मूळ रहिवाशांना, आवानीची लोकांना, 1851 मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकावलं होतं. दरीतली मोकळी कुरणं तर त्यांनीच वेळोवेळी आग लावून राखलेली होती. म्यूरने स्थापन केलेल्या सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये त्याच्या वर्णभेदी लिखाणाची जाहीर कबुली दिली. धुण्याच्या मजकुरात याबद्दल एक ओळही नसते.