पोटरीला ढगळ, गुडघ्यामागे रुततो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लागली, कारण माझ्या लेखावर विसंबून तुम्ही खर्च केलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लेख वाचून तुम्ही घोडेस्वारीच्या उंच बुटांची मापं घरीच घेतली, कारागिराला पाठवली, आणि बूट आले ते पोटरीला ढगळ आणि गुडघ्यामागे रुतणारे. मापं घरी घ्यायला सांगणं ही दिशाभूल आहे, असं तुम्ही लिहिलंत.

दिशाभूल मला मान्य नाही. पण लेखात एक मोठी उणीव राहिली होती, आणि तुमच्या अर्ध्या त्रासाचं मूळ तिथे आहे.

आधी उंची. खुर्चीवर बसून, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर सपाट ठेवून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत माप घ्या, एवढं मी लिहिलं होतं. नवा बूट मुद्दाम उंच शिवतात, हे लिहिलं नव्हतं. रिकिबीत टाच खाली दाबली की घोट्यापाशी चामडं दुमडतं, वळ्या पडतात, आणि बुटाची वरची कड तेवढी खाली उतरते. चामडं किती कडक आहे यावर ते अवलंबून असतं, तरी २ ते ३ सेंटिमीटर उतरणं नेहमीचंच. पहिल्या दिवशी अगदी बेताचा बसलेला बूट पुढे आखूड पडतो. तेव्हा कृपा करून वरची कड कापून घेऊ नका. सध्या सुखतळ्यावर टाचेखाली एक जाडसर पट्टी ठेवा, म्हणजे पाय थोडा उचलला जाईल आणि कड रुतणार नाही. बूट खाली बसत जाईल तशी पट्टी पातळ करा. घोट्याच्या वळ्या पक्क्या झाल्यावरही रुतत असेल, तर बूट खरोखरच उंच झालाय.

पोटरीचं मात्र वेगळं आहे. माप उभं राहून, जीन्सवरून घेतलं आणि 'थोडं सैल असावं म्हणून' १ सेंटिमीटर वाढवून लिहिलं, असं तुम्हीच सांगितलंय. जीन्स ब्रीचेसपेक्षा, म्हणजे घोडेस्वारीच्या तंग पँटपेक्षा, जाड, शिवाय तिची शिवण टेपखाली येते. आणि सैलपणा कारागीर त्याच्या हिशेबाने धरतोच, त्यामुळे तो दोनदा मिळवला गेला. आला तो आकडा तसाच लिहायचा, आणि बसून की उभं राहून, कशावरून, सकाळी की संध्याकाळी हे त्याच्या शेजारी लिहायचं. एवढं असलं की कारागिराला त्यातून बूट दिसतो.

कारागिराचा हात जे टिपतो ते टेप टिपत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. चवड्याचं हाड कुठे बाहेर आलंय, पावलाचा उंचवटा मऊ आहे की टणक, हे बोटांनाच कळतं. पण त्याच्याकडे आपण सकाळी, कुठल्यातरी पँटमध्ये आणि पातळ मोज्यांवर जातो. घरी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, स्वतःच्या ब्रीचेस आणि स्वारीच्या मोज्यांवर माप घेता येतं. दोन्ही पायांचं घेता येतं, आणि ते घ्यायलाच हवं, कारण दोन पोटऱ्या क्वचितच सारख्या असतात. दोन दिवसांनी पुन्हा घेऊन ताडूनही पाहता येतं.

फक्त एकट्याने घेऊ नका. पावलाची आकृती काढायला आपण स्वतः वाकलो की वजन चवड्यावर जातं आणि पाऊल कागदावर पसरतं. दुसऱ्याला काढायला सांगा, तुम्ही समोर बघा. पेन्सिल अगदी सरळ उभी हवी. साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे रेघ पावलापासून साडेतीन मिलिमीटर लांब पडते. पुढे तेवढी, टाचेमागे तेवढी. ब्रिटिश मापातला एक नंबर जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या पेन्सिलीच्या जाडीत जवळजवळ एक नंबर! सरळ धरलेल्या पेन्सिलीचा हिशेब कारागिराला ठाऊक असतो. तिरकी झालेली पेन्सिल त्याला कागदावरून ओळखता येत नाही.

एका मापाबद्दल मी स्वतः पोळलोय. माझी पहिली जोडी बिनचेनची होती. घोट्याचा घेर दिला होता, पावलाच्या उंचवट्याचा दिला होता. बूट आले, पाय आत घातला, चवडा उतरला आणि टाच घोट्यापाशी अडकली ती अडकलीच. बाहेर काढायला दोन माणसं लागली. बिनचेनच्या बुटात टाच आणि उंचवटा एकाच वेळी त्या अरुंद गळ्यातून जातात. म्हणून टाचेच्या अगदी खालच्या मागच्या टोकापासून, पाऊल आणि नडगी जिथे मिळतात त्या खाचेवरून, असा तिरका घेर लागतो. कारागिराच्या कागदावर तो रकानाच नव्हता आणि मलाही माहीत नव्हतं. मागे चेन असेल तर या मापात थोडी चूक खपून जाते, बिनचेनच्या बुटात नाही.

तुमचा बूट वाचण्यासारखा आहे. ढगळ पोटरी मागच्या शिवणीतून किंवा चेनच्या कडेने आत घेता येते. घट्ट असती तर चामड्याचा किंवा इलॅस्टिकचा तुकडा जोडावा लागला असता, आणि पावलाची लांबी चुकली असती तर काहीच करता आलं नसतं.

लेखात उंचीचा परिच्छेद आजच दुरुस्त केलाय. तुम्ही दोन्ही पोटऱ्यांची मापं ब्रीचेसवर, बसून, संध्याकाळी पुन्हा घ्या. बुटाचा घेरही त्याच उंचीवर मोजा आणि आकडे इथेच लिहा. शिवण किती आत घ्यायची ते त्यावरून ठरवू. पण ते काम बूट खाली बसल्यावरच करायला द्या, कारण बूट उतरला की त्याचा रुंद भाग पोटरीवर वेगळ्या जागी येतो.