"फायबरऐवजी मणी दिले" या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या नॅनोफायबर (केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू) बनवून देण्याच्या कामाला तुम्ही दिलेला एक स्टार बघितला. "४,५०० रुपये घेतले, नॅनोफायबरऐवजी मणी दिले, ५ दिवस सांगून ११ लावले." उशीर झाला हे कबूल, त्याबद्दल माफ करा.

पण मण्यांचं खापर आमच्या माथी फोडू नका. तुमचं पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड, एक पॉलिमर) पाण्यात विरघळवलेलं होतं. आमचं मशीन अशा द्रावणाची धार उच्च दाबाच्या विजेने सुईतून खेचतं आणि समोरच्या फॉइलवर तिचे तंतू जमवतं. सुईपासून फॉइलपर्यंतच्या १५ सेंटिमीटरांत धारेतलं पाणी उडायला हवं. हवा दमट असेल तर ते उडत नाही. धार ओलीच राहते, जास्त ताणली जाते, बारीक होते आणि मग पृष्ठताणामुळे तिचे मणी बनतात. अंधेरीच्या जुलैत हे व्हायचंच. या दिवसांत कुणी कुरडया वाळत घालतं का?

म्हणूनच आमच्या कॅबिनेटला, म्हणजे मशीनच्या बंद पेटीला, डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) आहे. त्या दिवशी आत ४२ टक्के आर्द्रता होती, रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. तुम्ही व्हिडिओसाठी ३ वेळा दार उघडलंत. दर वेळी आर्द्रतेचा काटा ६०च्या वर गेला. शिवाय दार उघडलं की १८ किलोव्होल्टचा पुरवठा आपोआप तुटतो, सुईच्या टोकाला थेंब लोंबतो आणि पुन्हा सुरू करताना तोच फॉइलवर पडतो. दाराला पारदर्शक ॲक्रिलिक आहे हो, शूटिंग बाहेरूनही झालं असतं. आमच्या मुलाने दोनदा सांगितलं, तर "मला शिकवू नकोस" म्हणालात. ते मात्र रिव्ह्यूत नाही.

११ दिवसांचं म्हणाल तर त्यातले ४ दिवस मशीन आम्हीच बंद ठेवलं. पाऊस इतका होता की आतला काटा ५५च्या खाली येईना. मी स्वतः फोन केला होता. "एसी वाढवा" म्हणालात. एसीने गाळा फार थंड केला तर द्रावण घट्ट होतं, पाणीही आणखी सावकाश उडतं. आणि हवा फार कोरडी झाली तरी सुख नाही. द्रावण लवकर उडणाऱ्या द्रावकात केलेलं असेल तर ते सुईच्या तोंडाशीच सुकून बसतं.

दोन माणसांचा गाळा आहे, सर. तुमचा रिव्ह्यू वाचून एका कॉलेजने ठरलेलं काम थांबवलं आहे.

दारावर पाटी लावली आहे. मोठ्या डिह्युमिडिफायरचंही बघतो आहोत. तुमचा नमुना पुन्हा करून देऊ, पैसे नकोत. द्रावण ताजं आणा, आणि आदल्या दिवशी फोन करून या.