क्रेन रंगवून ठेवली म्हणजे बंदर वाचलं का?

ग्लासगोच्या फिनिस्टन क्रेनचा फोटो कुणीतरी आमच्या जुन्या जहाजींच्या ग्रुपवर टाकला आणि खाली बदामांचा पाऊस. "काय ते दिवस होते राव!" वगैरे. क्रेन देखणी आहे यात वाद नाही. 1932 साली कामाला लागली, 175 टन उचलायची. शहरातल्या कारखान्यांत बनलेली रेल्वे इंजिनं क्लाईड नदीच्या काठी आणायची आणि हिने ती अख्खीच्या अख्खी उचलून जहाजावर ठेवायची. जगभर गेली ती इंजिनं, आपल्याकडेही आली. आता ती काही उचलत नाही, स्मारक म्हणून उभी आहे. क्रेन जपली म्हणजे बंदर जपलं, असा जो एक समज आहे ना, तो मला पटत नाही. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

मी जनरल कार्गो जहाजावर कॅडेट म्हणून लागलो तेव्हा कंटेनर आले होते, पण सुटा माल, म्हणजे पेट्या-पोती-गाठी एकेक करून चढवायचा माल, अजून संपला नव्हता. समुद्रावरचं बंदर वेगळं आणि नदीतलं बंदर वेगळं. हुगळीचंच घ्या. समुद्रात सँडहेड्सला पायलट, म्हणजे नदीची वाट दाखवणारा वाटाड्या, चढला की तिथून कोलकात्यापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वाट, आणि वाळूचे बांध आज इथे तर उद्या तिथे. भरती पकडून जेवढं जाता येईल तेवढं जायचं, नांगर टाकायचा, पुढची भरती आली की पुन्हा निघायचं. जहाज किती ड्राफ्टवर, म्हणजे पाण्यात किती खोल बुडवून, आणायचं हे मालकाच्या मर्जीवर नव्हतं, नदीच्या मर्जीवर होतं. नदीत बांधून ठेवलेल्या जहाजांची आणखी वेगळी तऱ्हा. बोअर येतो, म्हणजे मोठ्या भरतीला पाण्याची लाटच्या लाट नदीत उलटी चढत येते, तेव्हा नुसत्या दोरांवर भागत नाही, जाड साखळ्यांनी बॉयला, म्हणजे नदीत नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, जखडावं लागतं. त्या साखळ्या चढवताना सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या, तोंडून ज्या शिव्या ऐकल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

मग कोलकात्यातल्या खिदिरपूर डॉकचं लॉक गेट, म्हणजे गोदीतलं पाणी अडवून धरणारा दरवाजा. 1892 सालची गोदी. जहाज आत सरकताना दोन्हीकडे भिंत इतकी जवळ की खलाशी फेंडर, म्हणजे घासू नये म्हणून मध्ये धरायच्या गाद्या, घेऊन या टोकाकडून त्या टोकाला पळतायत.

चहाच्या पेट्या भरताना मला होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालखोलीत, उभं करायचे. काम एवढंच, की लक्ष ठेव. प्लायवूडची पेटी, कडांना पत्र्याची पट्टी, आत चंदेरी कागद. तळाला डनेज, म्हणजे फळ्या आणि चटया, कारण जहाजाच्या लोखंडाला घाम फुटतो आणि पेटी त्याला टेकली की चहा गेला. चहा शेजाऱ्याचा वास ओढून घेतो, म्हणून त्या होल्डमध्ये कातडी नको, मसाले नकोत. वर हॅचच्या, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या, काठावर सिग्नलवाला उभा. "आरिया, आरिया" म्हणत तो स्लिंग, म्हणजे माल उचलायचा दोरांचा झोळा, खाली सोडवून घ्यायचा, पेट्या उतरल्या की "हबेस!", आणि विंच खडखडत रिकामी स्लिंग वर. जहाजाची कूस गोल, पेट्या चौकोनी. तरीही गँग अशी रचायची की बोट शिरायला जागा राहायची नाही. चीफ ऑफिसर स्टोवेज प्लॅन, म्हणजे कुठला माल कुठे रचायचा त्याचा नकाशा, रंगीत पेन्सिलींनी काढायचा, पण खरा प्लॅन मुकादमाच्या डोक्यात असायचा. एकदा मी कागद पुढे करून म्हणालो की इथे तिसरा थर दाखवलाय. त्याने कागदाकडे बघितलंही नाही. "साब, कागज को समंदर में कौन हिलाता है?"

हे सगळं आठवलं की छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण "काय ते दिवस" म्हणणाऱ्यांत माल ओढायचा हुक हातात घेतलेले किती होते? आम्ही अधिकारी वरून बघणारे. खाली माणसं तागाच्या गाठींखाली सापडायची, तुटलेल्या स्लिंगखाली सापडायची. लंडनच्या गोद्यांत तर रोज सकाळी फाटकापाशी गर्दी करून उभं राहायचं आणि फोरमन बोट दाखवेल त्यालाच त्या दिवसाचं काम, असा रिवाज होता. 1889 साली तिथल्या कामगारांनी मोठा संप केला तो तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून. घेतली त्यांनी ती मागणी पदरात पाडून, पण रोजंदारीची ही पद्धत मोडीत निघायला 1967 उजाडलं. आणि नेमक्या त्याच सुमारास कंटेनरने पायाखालची जमीनच काढून घेतली.

कंटेनरवर माझा राग नाही. 1956 साली न्यूअर्कहून ह्यूस्टनला आयडियल एक्स हे जहाज 58 कंटेनर-पेट्या घेऊन गेलं, तेव्हा सुटा माल चढवायला टनाला 5.86 डॉलर लागायचे आणि या पेट्यांना 16 सेंट, हा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. असा फरक असल्यावर कोण थांबणार? जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी हवं, पेट्या ठेवायला मोकळं मैदान हवं. बंदरं नदीच्या मुखाकडे सरकली. लंडनचं काम टिलबरीला गेलं, हुगळीवर 1977 मध्ये हल्दिया उभं राहिलं. लंडनची सेंट कॅथरिन गोदी 1968 मध्ये बंद, रॉयल गोद्या 1981 मध्ये. हे व्हायचंच होतं.

मला खटकतं ते नंतरचं. गोदी बंद झाली की जणू नदीही रिटायर झाली, असं धरून चालतात. मग काठावर उंच इमारती, फिरायला फरशी, कोपऱ्यात एक रंगवलेली क्रेन आणि तिच्याखाली कॉफी. मोठी जहाजं गेली हे खरं, पण नदीचं काम संपलं हे कुणी ठरवलं? वाळू, खडी, सिमेंट, कचरा, साखर, ही ओझी आजही शहरात येतात आणि शहराबाहेर जातात. हजार टनांची एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, म्हणजे रस्त्यावरचे चाळीस-पन्नास ट्रक कमी. ती बार्ज काठाला लावायला धक्का हवा. आणि धक्क्यावर एकदा फ्लॅट उभे राहिले की तो धक्का परत मिळत नाही. क्रेन पुन्हा बांधता येईल, काठ कुठून आणणार?

लंडनने निदान हे उशिरा का होईना ओळखलं. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून थेम्सवरचे काही धक्के राखीव ठेवले आहेत, तिथे माल उतरवण्याशिवाय दुसरं काही बांधायला सहजासहजी परवानगी मिळत नाही. बिल्डरांचा डोळा त्यावर असतोच. लंडनमधल्या सिल्व्हरटाऊनची साखर रिफायनरी 1878 पासून नदीकाठी आहे, आणि तिच्या जेट्टीला कच्च्या साखरेची जहाजं अजूनही लागतात. त्या जेट्टीचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही. देखणी नाही ना ती!

दुसरी गंमत म्हणजे "रिव्हर व्ह्यू" म्हणून जादा पैसे मोजून घर घ्यायचं आणि सहा महिन्यांत तक्रार करायची, की पहाटे बार्जचा आवाज येतो, धूळ उडते. नदी दिसली पाहिजे, पण ती काही करताना दिसता कामा नये.

शिवाय कामाची नदी राखावी लागते, ती आपोआप राहत नाही. अठराव्या शतकात ग्लासगोजवळ क्लाईड इतकी उथळ होती की ओहोटीला लोक चालत पार करायचे. ती खोदून खोदून जहाजांजोगी केली, तेव्हा कुठे त्या क्रेनखाली जहाज लागलं. हुगळीचा गाळ वाहून जावा म्हणून 1975 मध्ये फरक्काचं धरण चालू झालं, तरी ड्रेजर आजही लागतोच. गाळ काढायचा खर्च जहाज येत असेल तरच मंजूर होतो. जहाज बंद, ड्रेजर बंद, आणि मग म्हणायचं की नदी उथळ आहे, इथे वाहतूक कशी होणार.

2018 साली कोलकात्याहून 16 कंटेनर घेऊन एक जहाज गंगेतून वाराणसीला पोहोचलं, तेव्हा टाळ्या वाजल्या. मलाही बरं वाटलं. पण जहाजवाला पहिली खेप मोजत नाही. परतीचा माल मिळाला का, पुढच्या आठवड्यात पाणी किती, काठावर उतरवून घ्यायला गँग आहे का, हे तो विचारतो. फीत कापायला सगळे हजर असतात, परतीच्या मालाची सोय बघायला कुणी थांबत नाही.